दुसरं पाकीट

९ मे २०१६

लांगी,

आधी पाकीट काढून घे, मग हे वाच. हिरवं, चेनचं, एका कोपऱ्यावर शाईचा डाग असलेलं. तुझ्या मुलीचं आहे. आतलं सगळं जसंच्या तसं आहे, मी फक्त नाव-पत्ता शोधायला उघडलं. गाडीचा परवाना होता, त्यावर नाव तिरेसा आणि आडनावाच्या जागी तुझ्या बाबांचं नाव. चष्म्याच्या दुकानाची एक पावती होती, तिच्यावर ऑकलंडचा पत्ता. आणि मागच्या कप्प्यात तुझा फोटो, नर्सच्या कपड्यांतला. केस पांढरे व्हायला लागलेत तुझे. माझेही.

मी एपे. एपेनेसा. अक्षर ओळखलं असशीलच.

पाकीट आमच्या बसमध्ये सापडलं. माझं पेनीशी लग्न झालं ते तुझ्या कानावर आलं असेल. गावाहून आपियाच्या बाजारापर्यंत त्याची बस जाते. संध्याकाळी बस आमच्या दारातल्या फणसाखाली उभी राहते आणि मी ती झाडते. लाकडी बाक आणि खिडकीखालची फळी यांच्यात एक फट आहे, तिच्यात सगळं जातं. फणी, चाव्या, एकदा कवळी. पण सगळ्यांत जास्त पाकिटं. एकमेकांच्या मांडीवर बसून प्रवास करायचा म्हटल्यावर वरच्याच्या खिशातलं खालच्याच्या खाली जाणारच. मी नाव शोधते आणि त्या त्या गावच्या बसवाल्याकडे देते, नाहीतर स्वतः जाते. इतक्या वर्षांत एकही पाकीट ठेवून घेतलेलं नाही. रेडिओवर दोनदा माझं नाव आलं. पेनी गिऱ्हाइकांना सांगतो, "या, बसा, आमच्या बसमध्ये पाकीट हरवायची चांगली सोय आहे."

तिरेसाबद्दल पेनी म्हणाला, "एक पोरगी बाजारातून बसली, शेवटच्या थांब्यापर्यंत आली, उतरलीच नाही. तशीच परत गेली. मी विचारलं, बाई, कुठं जायचंय? म्हणाली, नुसतं बघायचंय." तुमच्या घरावरून बस दोनदा गेली. तुझे बाबा, आमचे काका, नेहमीसारखे ओट्यावर खांबाला टेकून बसले होते. ते रोज बसला हात करतात, तसा त्या दिवशीही केला. तिने पाहिला असेल.

काका आता शहाऐंशी वर्षांचे आहेत. मागच्या महिन्यात छातीत पाणी झालं म्हणून आठ दिवस दवाखान्यात होते. डॉक्टरांनी घरी पाठवताना तुझ्या भावजयीला जे सांगितलं, ते तिने मला सांगितलं आणि मी तुला सांगत नाही, तू नर्स आहेस. तुझं नाव ते अजूनही घेत नाहीत. तुझी आई गेली तेव्हासुद्धा घेतलं नाही.

आणखी एक. त्या शनिवारचं पाळकसाहेबांचं पाकीट सापडलं आहे. परवा घर आवरताना माझी तेव्हाची टोपली अडगळीत मिळाली, तिच्या तळाशी होतं. बसमध्ये त्यांच्या पिशवीतून घसरून माझ्या टोपलीत पडलं असणार आणि मला कळलंच नाही. बावीस वर्षं तिथंच होतं बिचारं. म्हटलं, तुला कळवावं. तू घेतलं नव्हतंस हे आता सिद्ध झालं.

एपे


३० मे २०१६

लांगी,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी. "पाकीट पोचलं, आभार. नारळाच्या झापाची टोपली बावीस वर्षं टिकते का गं, एपे?"

पेनी शेजारी होता. त्याने विचारलं, काय लिहिलंय? मी म्हटलं, आभार मानलेत.

बाजाराच्या दिवशी सकाळी विणायची, आठवड्यात वाळून तुटायला लागली की चुलीत घालायची. पाच वर्षांच्या मुलीलाही हे माहीत असतं. मी खोटं लिहिताना इतकं साधं कसं चुकले? कदाचित तुझ्यापुढे खोटं बोलायची सवय नव्हती. दुसऱ्या सगळ्यांपुढे होती.

तर खरं सांगते. पाकीट मला तेव्हाच सापडलं. तो शनिवार तुला माझ्याइतकाच पाठ असेल, तरी लिहिते, कारण मी एकदाही कुणापुढे ते सगळं सलग बोललेली नाही. बाजारातून निघालेली बस भरलेली होती. तू खिडकीशी बसली होतीस. पुढच्या बाकावरून पाळकसाहेबांनी मागे वळून त्यांची पिशवी तुझ्या हातात दिली, "लांगी, जरा धर गं बाळ." मग मी चढले. तू म्हणालीस, "ये, माझ्या मांडीवर बस, पण श्वास सोडून बस, जाड झालीयेस." मी तुझ्यावर बसले आणि माझ्या मांडीवर माझी टोपली आणि वर त्यांची पिशवी. गावात उतरताना पिशवी मी तुझ्याकडे दिली, तू त्यांना दिलीस.

त्यांनी दिली तुझ्या हातात आणि घेतली तुझ्या हातातून. मधला दीड तास ती माझ्याजवळ होती, हे त्यांना दिसलंच नव्हतं.

सोमवारी पहाटे तुझे बाबा आणि तुझे दोघे भाऊ पाळकसाहेबांच्या अंगणात येऊन बसले. पुढ्यात दगड आणि जळण, म्हणजे हवं तर आम्हाला भट्टीत घाला. डोक्यावरून तुमच्या घराण्याची बारीक विणीची चटई. आपल्याकडे माणूस चटईखाली बसला म्हणजे त्याने गुन्हा कबूल केला, आणि समोरच्याने चटई उचलली म्हणजे क्षमा झाली. त्यानंतर ती गोष्ट गावात कुणी काढायची नाही. एका पाकिटासाठी चटई पांघरल्याचं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. खुनासाठी पांघरतात. पण काकांचं घर म्हणजे गावाच्या सभेत पहिलं बोलणारं घर. पाळकाचं पाकीट त्यांच्या मुलीच्या हातून गेलं, एवढं त्यांना पुरलं. पाळकसाहेब धावत बाहेर आले, रडतच होते, त्यांनी चटई लगेच उचलली.

तू रस्त्यापलीकडे उभी होतीस. तुझा चेहरा मी पाहिला. त्याआधी अर्धं गाव तरी म्हणत होतं, लांगी असं करणार नाही. बाबा चटईखाली बसले आणि ते सगळे गप्प झाले. बापानेच कबूल केलं म्हटल्यावर कोण काय बोलणार?

मी घरी आले, शनिवारची कांद्यांची टोपली रिकामी केली आणि तळाशी पाकीट होतं. आता मी काय करणार होते, सांग. पाकीट घेऊन गेले असते तर काका सगळ्या गावादेखत फुकट वाकले असं झालं असतं. त्या वयाच्या, त्या मानाच्या माणसाला मी तसं कसं करणार? म्हणून गप्प बसले. त्यांच्या इभ्रतीसाठी.

दोन आठवड्यांनी तू गेलीस. विमानतळावर तुझ्या आईशिवाय कुणी नव्हतं म्हणतात. मी आले नाही.

एपे


१३ जून २०१६

लांगी,

तुझं उत्तर आलं नाही. येऊ नये असंच मी लिहिलं होतं.

तू वाचताना थांबली असशील. रविवारच्या जेवणासाठी आणलेले कांदे सोमवारपर्यंत टोपलीत कोण ठेवतं? शनिवारी संध्याकाळीच सगळं काढून, सोलून, भट्टीच्या दगडांशेजारी ठेवायचं असतं. आमच्याकडे हे काम माझं होतं हेही तुला माहीत होतं. दोन पत्रं लिहिली आणि दोन्हींत स्वयंपाकघराने मला पकडलं.

शनिवारी सापडलं. प्रार्थनेच्या घंटेआधी. कांद्यांखाली काळं पाकीट, आत थोड्या नोटा आणि त्यांच्या वारलेल्या बाळाचा फोटो. मी लगेच ओळखलं. प्रार्थना झाली की देऊन यावं असं ठरवून मी ते कमरेला खोचलं. एवढं मात्र खरं आहे, माझ्यावर विश्वास ठेव. ठेवू नकोस हवं तर.

प्रार्थना संपली आणि रस्त्यावरून महिला मंडळाच्या तिघी चालल्या होत्या. कोण ते लिहीत नाही, दोघी वारल्या. एक म्हणाली, "पिशवी लांगीच्याच हातात दिली होती, ते स्वतः सांगतायत." दुसरी म्हणाली, "ऑकलंडला जायचंय ना बाईंना, खर्च असतो." आणि तिसरी हसत म्हणाली, "शाळेत पहिली, गाण्यात पहिली, आता यातही पहिलीच."

लांगी, मला बरं वाटलं.

हे वाक्य लिहायला मला बावीस वर्षं आणि दोन पत्रं लागली. मी कुडाच्या आत उभी होते, पाकीट माझ्या पोटाला लागत होतं आणि मला गार पाणी प्यायल्यासारखं वाटलं. नर्सिंगच्या मुलाखतीला आपण दोघी एकाच बसने गेलो होतो. तुझं नाव लागलं, माझं नाही. त्याआधी शाळेत कायम तू पहिली आणि मी दुसरी. तू कधी त्याचा तोरा मिरवला नाहीस, म्हणून मला तुझा राग धड करताही येत नव्हता. त्या संध्याकाळी पहिल्यांदा कुणीतरी तुझं नाव घेतलं आणि मला माझं नाव छोटं वाटलं नाही.

मी ठरवलं, एक रात्र. फक्त एक रात्र हे असंच राहू दे, उद्या देईन.

रविवारी चर्चमध्ये आपण शेजारी उभ्या होतो. सगळ्यांच्या नजरा तुझ्या पाठीवर होत्या. गाणं संपल्यावर तू माझा हात दाबलास आणि कुजबुजलीस, "सापडेल गं. पाळकसाहेब विसरभोळे आहेत." मला धीर देत होतीस. तेव्हा मी म्हणायला हवं होतं की सापडलंय. मी म्हटलं, "हो, सापडेल."

पुरा एक दिवस माझ्या हातात होता. काका चटईखाली बसले ते त्यानंतर. तेव्हा त्यांच्या इभ्रतीची गोष्ट मी केली ती खोटी नव्हे, पण ती सोमवारची गोष्ट आहे, आणि माझं पाप रविवारचं.

आणि तू एकदाही म्हणाली नाहीस की पिशवी एपेच्या मांडीवर होती. काकांना नाही, पाळकांना नाही, भांडणातसुद्धा नाही. का, ते मला कळत नव्हतं. मी स्वतःला सांगत राहिले की तुला सुचलं नसेल. तुला? जिला शाळेत सगळं आधी सुचायचं?

२०११ मध्ये सरकारने पंचांग बदललं, तारीख तुमच्या ऑकलंडशी जुळवली. डिसेंबरातला एक शुक्रवार आम्ही जगलोच नाही, गुरुवारी झोपलो आणि शनिवारी उठलो. सगळा गाव हसत होता. पेनी म्हणाला, "एक दिवसाची तरी भाडेवसुली बुडाली." मी रात्री रडले. त्याला वाटलं, माझी पाळी चुकली म्हणून. मला वाटत होतं, दिवस असे काढून टाकता येत असते तर मला एकच हवा होता.

बसमधली पाकिटं मी परत करते ती त्या रविवारपायी. लोक म्हणतात, एपे देवाची बाई. एकदा एका म्हाताऱ्याने पाकीट घेऊन माझ्या हाताचं चुंबन घेतलं. मी घरी येऊन हात घासून धुतला. शिवणाच्या दोऱ्यांच्या डब्यात ते काळं पाकीट होतं. लग्न झालं तेव्हा तो डबा माझ्याबरोबर आला, घर बदललं तेव्हा आला. मी प्रत्येक पाकीट परत केलं, लांगी. एक सोडून.

आता काय करायचं ते मला माहीत आहे. धीर होत नाही म्हणून आधी तुला लिहिते, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

एपे


४ जुलै २०१६

लांगी,

पाळकबाई आपियाजवळ त्यांच्या मुलाकडे असतात. साहेब जाऊन नऊ वर्षं झाली. मी पाकीट घेऊन गेले आणि त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं, तुला सांगितलं तसं, रविवारसकट. त्यांनी पाकीट उघडलं, बाळाचा फोटो काढला, झग्याच्या कडेने पुसला. खूप वेळ तो बघत राहिल्या. मला वाटलं, मी आहे हे विसरल्या.

मग म्हणाल्या, "साहेब रोज सकाळी त्या पोरीसाठी प्रार्थना करायचे. देवा, लांगीला क्षमा कर, आम्ही केली तशी. मरेपर्यंत केली. बघ ना, इतकी वर्षं आम्ही चुकीच्या मुलीला क्षमा करत बसलो." आणि मग, "तुला मी क्षमा करून टाकीन, ते मला कठीण नाही. पण तुझं गिऱ्हाईक मी नाही. तुला माहीतच आहे कोण ते." पाकीट त्यांनी मला परत दिलं. फोटो ठेवून घेतला.

तिथून माझ्या भावाकडे, तावीताकडे गेले. आता आमच्या घराण्याचा प्रमुख तो. म्हटलं, आईची चटई दे.

"कशाला? लग्न कुणाचं?"

सांगितलं. माझा भाऊ जेवत होता, तो जेवायचा थांबला. असं फार कमी वेळा होतं.

"डोक्यावर पडलीस काय? बावीस वर्षांपूर्वीचं पाकीट! ज्याचं होतं तो मेला, ज्याने चटई घातली तो मरायला टेकला. मी उन्हात बसू? का, तर तुला आता झोप लागत नाही?"

"तू बसू नकोस. मी बसते."

"बाई एकटी कधी बसते का? प्रमुख बसतो. घराणं बसतं. लोक विचारतील, तावीता कुठंय?"

"सांग त्यांना, तावीता जेवतोय."

वहिनी हसली आणि मग तिने तोंडावर हात ठेवला. तावीताने ताट सरकवलं. "ऐक एपे, उद्या त्या म्हाताऱ्याने चटई उचललीच नाही तर? संध्याकाळपर्यंत ठेवलं तसंच? मग आपण गावात राहायचं कसं? मुलं शाळेत जातात माझी."

मी म्हटलं, "लांगीही गावात राहत होती, तावीता."

तो उठून बाहेर गेला. वहिनीने गादी उचलली, खालची चटई काढून माझ्या हातात दिली आणि मोठ्याने, बाहेर ऐकू जाईल असं म्हणाली, "मी काही पाहिलं नाही हं."

आईने ती माझ्या लग्नासाठी दोन वर्षं विणली होती. रेशमासारखी मऊ आहे. लग्नात तावीताने ती दिलीच नाही, प्रमुखाच्या घरी राहायला हवी म्हणाला. आता मिळाली.

पेनीलाही सांगितलं, परवा. त्याने बसची चावी खुंटीला अडकवली. मग म्हणाला, "रेडिओवर माझ्या बायकोचं नाव आलं म्हणून मी सगळ्या बाजाराला नारळ पाजले होते." एवढंच. कालपासून तो बस स्वतः झाडतोय.

येत्या सोमवारी.

एपे


१२ जुलै २०१६

लांगी,

काल बसले.

पहाटे दगड आणि जळण तुमच्या अंगणात ठेवलं, पुढ्यात पाकीट ठेवलं आणि डोक्यावरून चटई घेतली. आत अंधार असतो असं वाटायचं, तसं नाही. पिवळा उजेड असतो, विणीतून गाळलेला. आईच्या गादीचा वास येत होता. तुझे बाबा या अशा उजेडात बसले होते, हे प्रथमच कळलं.

पहिले आले ते आवाज. "ही कोण गं?" "पाय बघ, एपेचे दिसतात." "एपे? कुणाला मारलं हिने?" "पाकीट ठेवलंय म्हणे." "मग ती पाकिटवालीच! परत द्यायला आली असेल." "चटई घालून?" मग कुणीतरी, आवाजावरून ती तिसरी, ती अजून आहे, हळू म्हणाली, "देवा." तिला आठवलं असावं.

पेनीची बस आली. रोज तुमच्या घरापाशी तो भोंगा वाजवतो. काल वाजवला नाही. थांबला. इंजिन बराच वेळ चालू राहिलं, मग बस गेली. तावीता आला नाही.

काका ओट्यावर होते, मला त्यांचा खोकला ऐकू येत होता. भावजयीने त्यांना कोको दिला, तो पितानाचा आवाज ऐकू आला. कप खाली ठेवल्याचाही. ऊन चढलं. चटईखाली घाम माझ्या डोळ्यांत जात होता आणि मला तो पुसायची लाज वाटत होती, चटई हलली की मी रडतेय असं कुणाला वाटायला नको. रडायचा हक्क माझा नव्हता.

दुपार होत आली तेव्हा काठीचा आवाज जवळ आला.

"कोण?"

"एपे, काका."

"काय केलंस?"

सांगितलं. शनिवार सांगितला, रस्त्यावरच्या बायका सांगितल्या, रविवार सांगितला. मला बरं वाटलं होतं तेही सांगितलं.

ते उभेच होते. त्यांच्या काठीचं टोक मला चटईखालून दिसत होतं. मग ते बोलले, पण मला नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"तिने मला सांगितलं होतं. त्या रविवारी, जेवण झाल्यावर. बाबा, मी नाही, म्हणाली. मी म्हटलं, गप्प बस, आधीच शोभा झालीय. दुसरं काही विचारलं नाही. पिशवी कुणाजवळ होती हेही नाही."

काठी खाली पडली. चटईची कड वर झाली. मी डोळे मिटले. वाटलं, उचलली, झालं, सुटले. पण अंगावर ऊन आलं नाही. शेजारी गुडघे कडकन वाजले, कण्हल्याचा आवाज आला आणि डोळे उघडले तर काका चटईच्या आत, माझ्या शेजारी, मांडी घालून बसत होते.

"काका, हे काय?"

"सरक तिकडे. मला पाय आत घेता येत नाही."

"काका, तुम्ही नाही, मी चुकले. तुम्ही उचलायची आहे ती."

"मी कोण उचलणारा? मी एकदा चुकीच्या जागी बसलो, आज बरोबर जागी बसतो." धाप लागली होती. "जिने उचलायची ती इथं नाही."

आताचे पाळक तरुण आहेत. धावत आले आणि म्हणाले, "आजोबा, या उन्हात तुमचं काही झालं तर! मी उचलतो, देवाच्या नावाने," आणि त्यांनी कडेला हात घातला. काका आतून गुरगुरले, "हात काढ. ही चटई देवाची नाही, लांगीची आहे."

तो शब्द मी ऐकला. बाहेर सगळ्यांनी ऐकला. तुझ्या भावजयीला हुंदका आला, तोही ऐकला.

आम्ही दोघं तसे किती वेळ बसलो माहीत नाही. काकांनी एकदा विचारलं, "ती पोरगी, बसमधली, कशी दिसते?" मी म्हटलं, मी पाहिली नाही, परवान्यावरच्या फोटोत पाहिली, कपाळ तुमचं आहे. थोड्या वेळाने, "चष्मा लागलाय तिला?" म्हटलं, हो, पावती होती. "आमच्याकडे सगळ्यांना लागतो," म्हणाले. मग शेवटी ते म्हणाले, "एपे, मला लघवीला जायचंय." आणि मला, त्या चटईखाली, हसू आलं, लांगी, आणि त्यांनाही आलं, आणि मग दोघांनाही रडू आलं. त्यांच्या आडोशाने मी रडले.

आम्ही स्वतःच बाहेर आलो. तसं कुणी करत नाही. लोकांना कळेना की झालं काय, क्षमा झाली की नाही. काकांनी सांगितलं, "उचललेली नाही. बाजूला ठेवलीय." चटई घडी करून तुमच्या घरात पुढच्या खांबाशी ठेवली आहे, वर ते पाकीट. तावीता संध्याकाळी आला, ती बघून गेला. पेनीने मला घरी नेलं. वाटेत त्याने बस थांबवली आणि विचारलं, "पाणी पिणार?" एवढं विचारलं, मला पुष्कळ झालं.

मी तुला ये म्हणणार नाही. तेवढं तोंड मला नाही. तू आलीस आणि चटई तशीच ओलांडून काकांकडे गेलीस तरी चालेल. तिथं असू दे ती, माझ्यासाठी. पण डॉक्टरांनी काय सांगितलं ते आता लिहिते, मागे लिहिलं नव्हतं: काढले तर नोव्हेंबरात पाऊस सुरू होईपर्यंत.

आज सकाळी काकांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, तू तिला लिहितेस ना, मग माझंही लिही. मी कागद घेतला. त्यांनी सांगितलं, "लिही: मी विचारायला हवं होतं." मी ते लिहिलं. म्हटलं, आणखी? ते म्हणाले, "आणखी काय? त्यात सगळं आलं." मग त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि कागद मांडीवर ठेवून बराच वेळ लिहीत बसले. हात फार कापतो त्यांचा. तोच कागद सोबत आहे.

माझ्या अक्षराखाली जे वेडंवाकडं आहे ते तुला कदाचित लागणार नाही. ते तुझं नाव आहे.

एपे